फुफ्फुसात अडकलेली हवा कशी मोजतात? सीओपीडी, एम्फिसीमा आणि श्वासाच्या चाचण्या

दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी सीओपीडी या श्वासाच्या दीर्घकालीन विकाराविषयीचा जागतिक सीओपीडी दिन पाळला जातो आणि त्या सुमारास ठिकठिकाणी फुफ्फुसांच्या तपासणीची शिबिरे भरतात. रुग्णाला नळीत जोराने फुंकायला लावतात, यंत्रातून एक कागद बाहेर येतो, त्यावर एक आलेख आणि आकड्यांचे रकाने असतात आणि तळाशी ‘मॉडरेट ऑब्स्ट्रक्शन’ (मध्यम अडथळा) अशी एखादी ओळ छापलेली असते. हा कागद घेऊन घरी गेलेल्या माणसाला आपले फुफ्फुस नेमके किती बिघडले आहे आणि ते पुन्हा पूर्वीसारखे होईल का, हे जाणून घ्यायचे असते. त्या एका कागदात याचे पूर्ण उत्तर नसते. विशेषतः एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती नष्ट होणे, आहे की नाही आणि असल्यास किती, हे केवळ फुंकण्याच्या चाचणीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी आणखी दोन चाचण्या लागतात, आणि त्यांच्याबद्दल रुग्णाला क्वचितच काही सांगितले जाते.

हा विषय थोड्या लोकांचा नाही. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज जागतिक रोगभाराच्या अभ्यासात मांडला गेला, आणि देशातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल हाच आजार येतो. गोव्यात तंबाखूचे सेवन इतर राज्यांच्या मानाने फार कमी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ते देशात सर्वांत कमी, म्हणजे ९.७ टक्के, तर देशाचे २८.६ टक्के आढळले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यावर बंदी घालणारा कायदाही गोव्याने १९९७ सालीच, म्हणजे केंद्राच्या २००३ च्या कायद्याच्या आधी केला. पण त्यामुळे आपल्याकडे हा आजार नसेलच असे समजणे धोक्याचे आहे. ते का, हे पुढे येईल.

सीओपीडी आणि एम्फिसीमा एकच नव्हेत

सीओपीडी हे एका आजाराचे नाव नसून एका अवस्थेचे नाव आहे. फुफ्फुसातून हवा बाहेर पडण्याच्या वाटेत कायमचा अडथळा निर्माण झाला आणि तो औषधानेही पूर्ण सुटत नसला, की त्या अवस्थेला सीओपीडी म्हणतात. हा अडथळा दोन निरनिराळ्या बिघाडांमुळे येतो. एकात श्वासनलिकांच्या आतले अस्तर सुजते, जाड होते आणि कफाने भरते. दुसऱ्यात नलिकांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांच्या भिंतीच नष्ट होतात. या दुसऱ्या बिघाडाचे नाव एम्फिसीमा. बहुतेक रुग्णांत दोन्ही असतात, पण त्यांचे प्रमाण प्रत्येकात वेगळे असते, आणि उपचाराच्या दृष्टीने हे प्रमाणच महत्त्वाचे ठरते.

प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींमधून रक्तवाहिन्यांचे जाळे जाते आणि तिथेच हवेतला प्राणवायू रक्तात शिरतो. पण या भिंतींचे आणखी एक काम आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यांच्यात लवचीक तंतू असतात. श्वास घेताना ते ताणले जातात आणि श्वास सोडताना आपोआप आक्रसून हवा बाहेर ढकलतात. शिवाय लहान श्वासनलिकांना चारही बाजूंनी ताणून उघडे ठेवण्याचे कामही याच भिंती करतात, कारण त्या नलिकांना स्वतःची कूर्चा नसते.

तंबाखूचा किंवा इतर धूर वर्षानुवर्षे आत जात राहिला की फुफ्फुसात संरक्षक पेशींची गर्दी होते आणि त्या पेशींतून पाझरणारी विकरे (एन्झाइम) हे लवचीक तंतू खाऊ लागतात. भिंती फुटतात आणि अनेक लहान कोशांचा मिळून एक मोठा, सैल कोश तयार होतो. तुटलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. स्टेथोस्कोपचा शोध लावणाऱ्या रने लेनेक या फ्रेंच वैद्याने दोनशे वर्षांपूर्वीच शवविच्छेदनात असे पाहिले होते, की छाती उघडताच निरोगी फुफ्फुस आक्रसते, पण एम्फिसीमाचे फुफ्फुस फुगलेलेच राहते. आजच्या चाचण्या छाती न उघडता याच गोष्टीचा माग काढतात.

हवा आत जाते, मग बाहेर का येत नाही?

गोव्यातल्या खाजन शेतीजवळ, म्हणजे भरतीचे पाणी बांधांनी अडवून केलेल्या शेतीजवळ, वाढलेल्यांनी मानस पाहिलेली असते. बांधात बसवलेली तिची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून शेतातले पाणी नदीत सोडतात. आता कल्पना करावी, की ही दारे कोणी उलटी बसवली. भरतीचे पाणी बिनदिक्कत आत येईल. पण ओहोटीला आतले पाणी बाहेर निघू लागले की त्याच्याच जोराने दारे मिटतील. शेत कधीच पूर्ण रिकामे होणार नाही, आणि पुढच्या भरतीला आत यायला जागा कमी उरेल.

एम्फिसीमात लहान श्वासनलिकांचे नेमके हेच होते. श्वास घेताना छाती फुलते आणि तिच्याबरोबर नलिकाही उघडतात. श्वास सोडताना मात्र त्यांना बाहेरून ताणून धरणाऱ्या भिंती उरलेल्या नसल्यामुळे छातीच्या दाबाने त्या मिटतात. रुग्णाने जितका जोर लावावा तितक्या त्या अधिक घट्ट मिटतात. म्हणूनच असे रुग्ण कोणी न शिकवताही ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडतात: ओठांपाशी थोडा अडथळा केल्याने आतला दाब टिकून राहतो आणि नलिका जरा जास्त वेळ उघड्या राहतात.

यावरून आणखी एक कोडे सुटते. बसल्या जागी ठीक असलेला माणूस पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा चढ चढताना अर्ध्यावर का थांबतो? श्रम केले की श्वासांची गती वाढते आणि प्रत्येक श्वास सोडायला मिळणारा वेळ कमी होतो. आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक छातीत शिल्लक हवा साठत जाते. रुग्ण सांगतो की श्वास आत जात नाही. प्रत्यक्षात जुनी हवा बाहेर न पडल्यामुळे नव्या हवेला जागा उरलेली नसते.

पहिली चाचणी: बाहेर पडणारी हवा

फुंकण्याच्या चाचणीला स्पायरोमेट्री म्हणतात. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये आपल्या यंत्राचे आणि त्यावर तपासलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून तिचा मूळ विचार बदललेला नाही. नाकाला चिमटा लावून छाती भरेल इतका श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकाच झटक्यात सगळी हवा बाहेर फेकायची. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ त्या वेळी “फुंकात, फुंकात, आनीक, आनीक, रावूं नाकात” (फुंका, आणखी, थांबू नका) असा गजर करत असतो आणि बाहेर बसलेल्यांना तो आरडाओरडा वाटतो. पण चाचणीचा खरेपणा त्याच्यावरच अवलंबून असतो. एम्फिसीमाच्या रुग्णाची हवा शेवटी थेंबाथेंबाने येत राहते, दहा-बारा सेकंद झाले तरी ती संपत नाही, आणि फुंकणे मध्येच थांबवले तर अडथळा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. किमान तीन चांगल्या फुंकरी घेतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोघींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा असा नियम आहे.

या कागदावरचे तीन आकडे कामाचे. जोराने फुंकून एकूण किती हवा बाहेर आली तो आकडा म्हणजे एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली तो एफईव्ही१. आणि तिसरे या दोघांचे गुणोत्तर. श्वासनलिका मोकळ्या असल्या तर तीन-चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावरही गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले, तर अडथळा कायमचा आहे असे धरतात. मग त्या वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत एफईव्ही१ किती टक्के आहे, यावरून तीव्रता ठरते: ८० किंवा अधिक म्हणजे सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र आणि ३० च्या खाली अतितीव्र.

आलेखाकडेही पाहावे. निरोगी माणसाचा हवेचा वेग शिखरावरून जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. अडथळा असलेल्याचा शिखरानंतर एकदम कोसळतो आणि रेषा आत खचलेली दिसते. एम्फिसीमात ही खचण बहुधा खोल असते. आणखी एक खूण अशी, की जोराने फुंकण्याऐवजी सावकाश श्वास सोडायला सांगितले, तर याच रुग्णाची बाहेर येणारी हवा लक्षणीय वाढते, कारण जोर न लावल्याने दारे मिटत नाहीत.

पण या खुणा झाल्या, पुरावे नव्हेत. स्पायरोमेट्री अडथळा दाखवते, अडथळ्याचे कारण दाखवत नाही. कफाने भरलेली नलिका आणि आधार गेल्यामुळे मिटणारी नलिका, या दोन्हींतून पहिल्या सेकंदात सारखीच कमी हवा येऊ शकते. एफईव्ही१ आणि सीटी स्कॅनवर दिसणारा एम्फिसीमा यांची सांगड म्हणूनच सैल आहे. ‘मॉडरेट’ हा शेरा फुंकरीच्या वेगाला दिलेला आहे, फुफ्फुसाच्या रचनेला नव्हे, हे डॉक्टरांनी रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे. माझ्या मते या आजाराबद्दलच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ या न सांगितलेल्या एका वाक्यात आहे.

दुसरी चाचणी: जी हवा बाहेर येतच नाही

कितीही जोर लावून श्वास सोडला तरी प्रत्येकाच्या फुफ्फुसात काही हवा उरतेच. प्रौढात ती साधारण सव्वा लिटर असते. तिला अवशिष्ट हवा म्हणू. ती कधीच नळीत येत नसल्यामुळे स्पायरोमेट्रीला तिचा पत्ता लागत नाही, आणि एम्फिसीमात नेमकी तीच वाढते. पाणी अडलेल्या शेताची स्थिती जाणायची तर दारातून किती पाणी वाहते तेवढेच पाहून भागत नाही. ओहोटीनंतर आत किती साचून राहिले तेही पाहावे लागते.

ती मोजायची एक रीत म्हणजे काचेच्या बंद खोलीत बसून केलेली चाचणी, जिला बॉडी प्लेथिस्मोग्राफी म्हणतात आणि जिची आधुनिक पद्धत १९५६ मध्ये अमेरिकेत विकसित झाली. हवाबंद खोलीत रुग्ण नळीतून श्वास घेत असताना नळीचे तोंड क्षणभर बंद करतात आणि त्याला हलकेच धापा टाकल्यासारखे करायला सांगतात. छातीतली हवा त्या वेळी किंचित दाबली जाते, किंचित प्रसरण पावते. तोंडाजवळचा दाब आणि खोलीतला दाब यांच्या बदलावरून, शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमाने, छातीत एकूण किती हवा आहे हे काढता येते. बंद जागेची भीती असलेल्यांनी हे आधी सांगावे; चाचणी काही मिनिटांचीच असते आणि काचेतून बाहेरचे सगळे दिसत असते.

दुसऱ्या रीतीत हेलियमसारखा निरुपद्रवी वायू ठरावीक प्रमाणात श्वासातून देतात आणि तो किती विरळ झाला ते पाहतात. या रीतीत एक उणीव आहे, आणि ती उणीवच माहिती देऊन जाते. एम्फिसीमातल्या मोठ्या, जवळजवळ बंद झालेल्या पोकळ्यांत हेलियम वेळेत पोहोचत नाही, त्यामुळे आकडा कमी येतो. काचेच्या खोलीतली चाचणी मात्र अडकलेली हवाही धरते. दोन्ही चाचण्यांच्या आकड्यांत बरीच तफावत असली, तर तेवढी हवा कोंडलेली आहे असे समजते.

तिसरी चाचणी: भिंती किती उरल्या?

वरच्या दोन्ही चाचण्या हवेच्या ये-जाविषयी आहेत. भिंती नाहीशा झाल्याचा सर्वांत जवळचा माग तिसरी चाचणी काढते. तिचे नाव डीएलसीओ. मानस आणि शेत यांचा दृष्टान्त इथे उपयोगी पडत नाही, कारण इथे प्रश्न हवा वाहण्याचा नसून ती भिंतीतून रक्तात झिरपण्याचा आहे.

रुग्णाने श्वास पूर्ण सोडायचा, मग एका खास मिश्रणाचा पूर्ण श्वास घ्यायचा, दहा सेकंद रोखायचा आणि सोडायचा. या मिश्रणात अगदी थोडा, साधारण ०.३ टक्के, कार्बन मोनॉक्साइड असतो. नाव ऐकून दचकू नये. इतक्या अल्प मात्रेचा एक-दोन श्वासांत अपाय होत नाही. हाच वायू निवडण्याचे कारण असे, की रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. भिंतीतून पलीकडे गेलेला वायू परत येत नाही, त्यामुळे आत किती गेला आणि बाहेर किती आला यातला फरक म्हणजे भिंतीपलीकडे गेलेले प्रमाण. डेन्मार्कच्या मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये या एका श्वासाच्या पद्धतीवरचे काम प्रसिद्ध केले. फुफ्फुस प्राणवायू स्वतः रक्तात ढकलते की तो नुसता झिरपतो, हा त्या काळचा वाद होता आणि तो झिरपतो हे त्यांच्या मोजमापांनी दाखवले. रुग्णालयांत आज वापरली जाणारी चाचणी त्याच विचारावर उभी आहे.

वायुकोशांच्या भिंती आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या नाहीशा झाल्या की वायू झिरपायला पृष्ठभागच कमी पडतो आणि डीएलसीओ घसरतो. केवळ नलिका सुजलेल्या असतील तर तो बहुधा टिकून राहतो, आणि दम्यात तर तो सामान्य किंवा किंचित जास्तही असतो. श्वासाच्या सर्व चाचण्यांत एम्फिसीमाच्या प्रमाणाशी सर्वांत जवळचे नाते याच आकड्याचे आहे.

मात्र हा आकडा एकटा वाचायचा नसतो. फुफ्फुसे कडक करणाऱ्या फायब्रोसिसमध्ये आणि फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारातही डीएलसीओ कमी होतो. रक्तक्षय असला तर वायू धरायला हिमोग्लोबिनच कमी असते, त्यामुळे भिंती शाबूत असूनही आकडा खाली येतो. म्हणून हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल सोबत न्यावा आणि त्यानुसार दुरुस्ती केली आहे का, हे विचारावे. चाचणीच्या दिवशी सिगारेट ओढलेली असली तर रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड असतो आणि आकडा खोटा कमी येतो.

दोन अहवाल शेजारी ठेवून

समजावण्यासाठी दोन कल्पित रुग्ण घेऊ. एक, डिचोलीच्या खाणपट्ट्यात आयुष्यभर ट्रक चालवलेले आणि तीस वर्षे सिगारेट ओढलेले ६६ वर्षांचे गृहस्थ. दुसऱ्या, सत्तरी तालुक्यातल्या ६० वर्षांच्या गृहिणी, ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही, पण तरुणपणापासून चुलीपुढे स्वयंपाक केला आणि दर उन्हाळ्यात काजूच्या भट्टीवर लाकडे सारली. दोघांचाही एफईव्ही१ ५२ टक्के आहे. शिबिराच्या कागदावर दोघांनाही एकच शेरा मिळेल: मध्यम.

आता पुढचे आकडे पाहू. गृहस्थांची अवशिष्ट हवा अपेक्षेच्या १९५ टक्के आणि डीएलसीओ ३८ टक्के. गृहिणींची अवशिष्ट हवा १३० टक्के आणि डीएलसीओ ८२ टक्के. पहिल्या अहवालात हवा भरपूर कोंडलेली आहे आणि भिंतीही गेलेल्या आहेत, म्हणजे एम्फिसीमाचा भाग मोठा. दुसऱ्यात दोष मुख्यतः नलिकांचा. चालायला लावले तर गृहस्थांच्या रक्तातला प्राणवायू झपाट्याने उतरण्याचा संभव आहे. गृहिणींना खोकला आणि कफ जास्त छळत असेल. लाकूड आणि शेणी यांच्या धुरामुळे होणाऱ्या सीओपीडीत नलिकांचा आजार अधिक आणि एम्फिसीमा त्या मानाने कमी, असे चित्र अभ्यासांत दिसलेले आहे. पण हे समूहाचे चित्र झाले. एखाद्या बाईला एम्फिसीमा नसेलच असे त्यावरून ठरवू नये, आणि त्या बाईंचे हिमोग्लोबिन ८ असते तर डीएलसीओचा आकडाही आपल्याला फसवून गेला असता.

“मी कधी ओढलीच नाही, मग मला कसा होईल?”

ही शंका गोव्यात सर्वांत जास्त ऐकू येते, आणि ती उपचाराला उशीर करते. चुलीचा धूर, भट्टीचा धूर, कामाच्या जागची धूळ आणि वाफा, लहानपणी वारंवार झालेले छातीचे संसर्ग, नीट न आटोपलेला दमा आणि बरा झालेला क्षयरोग, या सगळ्यांतून कायमचा अडथळा येऊ शकतो. क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेली इजा आपल्या देशात विशेष लक्षात ठेवावी लागते. क्वचित कारण जन्मजात असते: लवचीक तंतूंचे त्या विकरांपासून रक्षण करणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन काहींच्या रक्तात कमी असते. स्वीडनमध्ये १९६३ साली हा दोष प्रथम ओळखला गेला. भारतात तो विरळा आढळतो, पण चाळिशीतच एम्फिसीमा झाला असेल किंवा तो फुफ्फुसांच्या खालच्या भागात जास्त असेल, तर त्याची रक्ततपासणी करावी.

“बोटावरचे यंत्र ९७ दाखवते”

कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघरी आले, आणि त्यावरचा चांगला आकडा पाहून लोक निश्चिंत होतात. पण बसलेल्या माणसाच्या शरीराला प्राणवायू थोडाच लागतो आणि फुफ्फुसाची राखीव ताकद मोठी असते. भिंतींचा बराच भाग गेल्यावरही हा आकडा ९६-९७ राहू शकतो. डीएलसीओ कमी असलेल्या रुग्णाला म्हणून सपाट जागेवर सहा मिनिटे चालायला लावून आकडा पाहतात. खरी उणीव तिथे उघडी पडते. छातीच्या साध्या एक्स-रेवरही असाच भरवसा ठेवू नये. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल सपाट झाल्याची खूण त्यावर दिसते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

“मग सरळ सीटी स्कॅनच का करू नये?”

हा आक्षेप रास्त आहे. एम्फिसीमा प्रत्यक्ष दाखवण्यात सीटीला तोड नाही. तो कुठे आहे, वरच्या भागात की सर्वत्र पसरलेला, हे केवळ सीटीच सांगते, आणि स्पायरोमेट्री सामान्य असलेल्या काही धूम्रपींमध्येही सीटीवर एम्फिसीमा आढळतो. पण सीटी रचना दाखवते, कामगिरी दाखवत नाही. सारखेच चित्र असलेल्या दोघांत एक जण बाजारहाट करून येतो आणि दुसऱ्याला आंघोळ करताना धाप लागते. शिवाय दर सहा महिन्यांनी किरणोत्सर्ग देत राहणे योग्य नव्हे, तर फुंकण्याची चाचणी कितीही वेळा करता येते.

उलट दिशेनेही फसगत होते. काही रुग्णांत फुफ्फुसाच्या वरच्या भागात एम्फिसीमा आणि खालच्या भागात फायब्रोसिस एकत्र असतात. एक फुफ्फुस सैल करतो, दुसरा आवळतो, आणि दोघांच्या ओढाताणीत स्पायरोमेट्रीचे आकडे जवळजवळ सामान्य दिसतात. रुग्ण धापा टाकत असतो आणि कागद सांगतो की सगळे ठीक आहे. अशा वेळी केवळ डीएलसीओ खूप खाली गेलेला आढळतो आणि सीटीने उलगडा होतो. म्हणून लक्षणे आणि कागद यांचा मेळ बसत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून पुढची चाचणी मागावी.

“पंप घेऊनही आकडा तसाच आहे”

अनेक रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा फुंकतात, एफईव्ही१ जेमतेम हललेला पाहतात आणि औषधाचा पंप (इन्हेलर) बंद करतात. ही चूक महागात पडते. दीर्घकाळ काम करणारी औषधे नलिका थोड्या रुंद ठेवतात, त्यामुळे कोंडलेली हवा कमी होते आणि नव्या श्वासाला जागा मिळते. पहिल्या सेकंदाचा आकडा फारसा बदलला नाही तरी अवशिष्ट हवा उतरलेली असते, आणि पूर्वी अर्ध्यावर थांबणारा माणूस एक जिना न थांबता चढतो. उपयोग झाला की नाही ते एफईव्ही१ वरून नव्हे, तर या फरकावरून ठरवावे. तुटलेल्या भिंती मात्र कोणताही पंप परत आणत नाही. त्या आणखी तुटू नयेत यासाठी धूर थांबवणे हा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो कोणत्याही टप्प्यावर केला तरी फुफ्फुसाची घसरण मंदावते.

आकड्यांवर शस्त्रक्रिया कशी ठरते

तीव्र एम्फिसीमात फुफ्फुसाचा सर्वांत निकामी भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया आहे, म्हणजे उरलेल्या भागाला छातीत जागा मिळते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २००१ मध्ये असे आढळले, की ज्यांचा एफईव्ही१ २० टक्के किंवा कमी होता आणि त्याबरोबर डीएलसीओही २० टक्के किंवा कमी होता अथवा एम्फिसीमा सर्वत्र सारखा पसरलेला होता, त्यांच्यातले १६ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत दगावले. शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच रुग्णांत त्या मुदतीत एकही मृत्यू झाला नाही. त्यानंतर अशा रुग्णांना या शस्त्रक्रियेपासून दूर ठेवले जाऊ लागले. २००३ च्या अंतिम निष्कर्षांत एम्फिसीमा वरच्या भागात असलेल्या आणि चालण्याची क्षमता कमी असलेल्यांना मात्र फायदा दिसला. आता दुर्बिणीतून श्वासनलिकेत झडप बसवून तोच परिणाम साधतात. तिच्यासाठीही अवशिष्ट हवा बरीच वाढलेली असावी लागते. हवा कोंडलेलीच नसेल तर झडपेचा उपयोग नाही. दहा सेकंद श्वास रोखून मिळालेला एक आकडा असा जिवाशी जोडलेला असतो.

चाचणीला जाण्यापूर्वी

स्पायरोमेट्रीची सोय बहुतेक मोठ्या दवाखान्यांत असते. उरलेल्या दोन चाचण्या सर्वत्र होत नाहीत, म्हणून तालुक्याच्या ठिकाणाहून पणजी-बांबोळीपर्यंत जाण्याआधी फोन करून खात्री करावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, डोळ्याची, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेली असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर चाचणी पुढे ढकलतात. क्षयरोगाचा संशय असेल तर आधी थुंकीची तपासणी करावी, कारण जोराने फुंकल्याने जंतू खोलीत पसरतात. कोणता पंप किती तास आधी थांबवायचा हे डॉक्टरांना विचारावे. आदल्या घटकेला पोटभर जेवू नये आणि घट्ट कपडे घालू नयेत. उंची पादत्राणे काढून मोजून घ्यावी, कारण अपेक्षित आकडा उंचीवरून काढतात आणि उंची चुकली की टक्केवारीही चुकते.

टक्केवारी यंत्रातल्या तुलनेच्या मानकावरही अवलंबून असते. एका यंत्रात युरोपीय मानक आणि दुसऱ्यात भारतीय मानक भरलेले असेल, तर तीच फुंकर एका रुग्णालयात ५२ टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के ठरू शकते. रुग्णाला वाटते सुधारणा झाली, किंवा उलट. म्हणून जुने सगळे अहवाल जपून ठेवावेत, दर वेळी सोबत न्यावेत आणि तुलना टक्क्यांची न करता लिटरमध्ये दिलेल्या आकड्यांची करायला सांगावे.